गेट उघडायला कोण जाणार? मार्च २०१७ चा टेक्सास पॅनहँडलचा वणवा: एक प्रकरण अभ्यास

६ मार्च २०१७ ला टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या नकाशात वर जो चौकोनी तुकडा दिसतो तिथे, एका रँचवरची (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान) तीन तरुण माणसं गुरं वणव्याच्या वाटेतून काढायला गेली आणि त्यातच तिघंही मरण पावली. तेव्हा त्यांची नावं, फोटो, घरच्यांच्या मुलाखती सगळीकडे आल्या होत्या. इथे नावं देत नाही, रँचचंही नाही. आपल्याला त्या तिघांचं चुकलं की बरोबर हे ठरवायचं नाहीये. त्या दुपारी माणसांपुढे काय काय पर्याय होते, नंतर त्या समाजाने दुःख कसं निभावलं आणि बाहेरून आलेली मदत कुठे बसली कुठे नाही बसली, एवढंच बघायचंय. आपत्तीत काम करणाऱ्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, कारण इथे मदत कमी पडली असं कोणी म्हणणार नाही, भरभरून आली, आणि तरी एक गोष्ट राहूनच गेली.

पार्श्वभूमी

हा भाग म्हणजे सपाट माळ, मधूनमधून नद्यांनी कापलेल्या घळी, आणि नजर जाईल तिथवर गवत. एका गाईला वर्षभर चरायला पंधरा-वीस एकर लागतात, कोरड्या पट्ट्यात त्याहून जास्त, त्यामुळे रँच हजारो एकरांच्या आणि शेजारी मैलोनमैल लांब. अग्निशमन दल म्हणजे बहुतेक ठिकाणी गावातलीच माणसं, स्वयंसेवक, दिवसा दुसरी कामं करणारी. फोन आला की हातातलं काम टाकून ट्रककडे पळायचं. ज्याचं रान जळतंय तोच कधीकधी दुसऱ्याचं रान विझवायला गेलेला असतो.

२०१६ ला पाऊस चांगला झाला, गवत कमरेएवढं वाढलं, आणि त्या पावसाचं जे वरदान होतं तेच हिवाळ्यात उलटलं. गवत वाळून काडी झालं, जानेवारीत बर्फाचं वादळ येऊन गेलं, त्यानंतर आठवड्यामागून आठवडे कोरडे. असं वाळलेलं उभं गवत आणि वर सोसाट्याचा वारा, बाकी काही लागतच नाही. हवामान खात्याने आगीच्या धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता, हे मुद्दाम सांगतो कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या एका दिवसात अनेक राज्यांत आगी लागल्या. टेक्सासमध्ये पेरिटनजवळची आग साधारण ३,१८,००० एकर, ग्रे काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लेफोर्स ईस्ट नावाची आग साधारण १,३५,००० एकर. ओक्लाहोमात सुरू होऊन कॅन्ससमध्ये घुसलेली स्टारबक आग ६ लाख ६० हजार एकरांच्या वर गेली, कॅन्ससमधल्या क्लार्क काउंटीचा तर बहुतेक भाग काळा पडला आणि अ‍ॅशलँड हे तिथलं गाव रिकामं करावं लागलं. आपलं प्रकरण ग्रे काउंटीतलं, तिघं तिथे गेले. त्याच दिवशी टेक्सासच्याच लिप्सकोम्ब काउंटीत आणखी एक जण, कॅन्ससमध्ये धुरात सापडलेला एक ट्रक ड्रायव्हर, ओक्लाहोमात शेत वाचवताना हृदयविकाराने गेलेली एक बाई. किमान सहा माणसं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. मार्च २००६ ला याच पट्ट्यात ९ लाख एकरांवर रान जळालं होतं आणि १२ माणसं गेली होती. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची आठवण तिथल्या प्रत्येक घरात होती. आग काय असते हे माहीत नसल्यामुळे कोणी आत गेलं असं म्हणताच येत नाही.

त्या दुपारचा प्रश्न

मार्च म्हणजे गाई विण्याचा हंगाम. हे कळल्याशिवाय बाकी काही कळणार नाही. पहिलारू कालवडी असतात, त्यांना जवळच्या कुरणात ठेवलेलं असतं कारण रात्री-अपरात्री अडल्या तर मदत करावी लागते. आदल्या दिवशी जन्मलेलं वासरू पळू शकत नाही आणि त्याची आई त्याला सोडून जात नाही. मोठी गुरं वाऱ्याच्या दिशेने चालत सुटतात आणि तारेच्या कोपऱ्यात जाऊन अडकतात, मागून येणाऱ्या गुरांच्या रेट्यात तिथेच दाटतात. गेट उघडं असेल किंवा कोणी तार कापली तर वाचायची शक्यता असते. ज्या माणसाने त्यातल्या अर्ध्या वासरांना हाताने ओढून बाहेर काढलेलं असतं त्याला हे चित्र डोळ्यासमोर दिसत असणार, त्यासाठी त्याला तिथे जावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दुपारभर वारा नैऋत्येकडून होता, त्यामुळे आग लांबट पट्ट्यासारखी ईशान्येकडे पळत होती. अशा आगीचं तोंड भयानक असतं पण बाजूला उभं राहिलेला माणूस तुलनेने सुरक्षित. मग संध्याकाळकडे थंड हवेचा पट्टा आला आणि वारा फिरला, उत्तरेकडून यायला लागला. असा वारा फिरला की इतका वेळ जी नुसती बाजू होती, मैलोनमैल लांब, ती सगळीच्या सगळी तोंड होते. ज्याने "आग तिकडे चाललीय, मला अर्धा तास आहे" असा हिशोब केला त्याचा हिशोब एका क्षणात खोटा. प्रेअरीवरच्या, म्हणजे अशा गवताळ माळावरच्या, आगीत माणसं मरतात ती बऱ्याचदा या वळणावर, आणि वारा फिरणार हे अंदाजात असतं पण नेमक्या कुठल्या मिनिटाला कुठल्या टेकाडावर फिरेल हे कोणी सांगू शकत नाही.

पर्याय काय होते

पहिला, काहीच न करता निघून जायचं. बाहेरच्याला हा सरळ वाटतो. तिथल्या माणसाला हा पर्याय आहे असं सुचतच नसावं. त्यात काम करणारा माणूस मालक नसेल, पगारी असेल, तर ओझं अजून वाढतं, कारण गुरं दुसऱ्याची, विश्वासाने हाती दिलेली.

दुसरा, लांबून गेट उघडायची, तार कापायची आणि गुरांना त्यांच्या नशिबावर सोडून गाडी पळवायची. यात अडचण अशी की सुटलेली गुरं धुराने भरलेल्या हायवेवर गेली आणि कोणी धडकलं तर? अशा वेळी तार कापली म्हणून नंतर कोणी दोष देईल का, शेजाऱ्याची तार कापली तर तो काय म्हणेल, हे प्रश्न मनात येतात आणि पक्कड हातात असूनही दोन मिनिटं जातात.

तिसरा, गुरं सकाळीच हलवायची. मार्चमध्ये या भागात हिवाळी गव्हाची हिरवी शेतं असतात, हिरवं पेटत नाही, चरून साफ झालेलं कुरण किंवा नांगरलेली जमीनही चालते. बहुतेक गुरांसाठी हा सगळ्यात चांगला पर्याय. मग सगळे का करत नाहीत? कारण फेब्रुवारी ते एप्रिल धोक्याच्या इशाऱ्याचे दिवस एकामागून एक येतात, प्रत्येक वेळी विणाऱ्या कालवडी हलवायच्या म्हटलं तर त्या हलवण्यातच काही वासरं जातील, आणि बहुतेक दिवशी काहीच होत नाही. खोटा ठरलेला प्रत्येक इशारा पुढच्या इशाऱ्याची धार बोथट करतो.

चौथा, आत जायचं. तिघं आत गेले.

मला या सगळ्यात एक गोष्ट ठळक दिसते. आग दिसल्यावर पर्याय तोलायला वेळच नसतो, तेव्हा माणूस आधीपासून जसा आहे तसाच वागतो. म्हणजे निर्णय घ्यायची जागा ती दुपार नव्हती. ती जागा म्हणजे जानेवारीतली एखादी कंटाळवाणी संध्याकाळ, स्वयंपाकघरातलं टेबल, मालक आणि कामगार समोरासमोर, आणि "अशी वेळ आली तर कोणीही आत जायचं नाही, गुरं माझी आहेत, गेली तर माझी गेली" हे वाक्य मालकाच्या तोंडून. हे फक्त मालकच बोलू शकतो. कामगार स्वतःहून म्हणाला तर तो कामचुकार दिसतो.

नंतरचे आठवडे

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या समाजापुढे एकाच वेळी दोन कामं आली. माणसांचे अंत्यविधी आणि गुरांची मोजदाद. आपल्याकडे घरात कोणी गेलं की निदान तेरा दिवस घर थांबतं, शेजारी दूध काढून देतात. इथे थांबणं शक्यच नव्हतं कारण जळालेली गुरं उभी होती.

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरचे लोक हा सोडून पुढे जातात. आगीतून वाचलेली गाय पहिल्या दिवशी ठीक दिसू शकते. उभी असते, पाणी पिते. मग आठवड्या-दोन आठवड्यांत खूर जिथे पायाला चिकटलेला असतो तिथली कातडी सुटायला लागते आणि खूर निसटतो. सड भाजलेले असतील तर ती वासराला जवळ येऊ देत नाही, लाथ मारते, वासरू उपाशी. डोळे, फुप्फुसं याचंही तसंच, हळूहळू कळतं. म्हणजे रँचवाल्याने पहिल्या दिवशी ज्यांना गोळी घालायची त्यांना घातली, मनाशी म्हणाला झालं एकदाचं, आणि मग दहा दिवसांनी परत बंदूक काढावी लागली. मधल्या काळात त्याने शेजाऱ्याच्या मुलाच्या अंत्यविधीला खांदा दिलेला असतो. ही दोन दुःखं वेगळी ठेवायला जागाच नव्हती.

टेक्सासमध्ये साधारण अडीच हजार गुरं गेली असा अंदाज निघाला, शेतीचं नुकसान साधारण २ कोटी १० लाख डॉलर. बातम्यांत हे आकडे पुढे आले. इथे एक रीतीभातीची गोष्ट सांगायला पाहिजे, रँचच्या देशात "तुमच्याकडे किती गुरं आहेत?" हे विचारणं म्हणजे बँकेत किती पैसे आहेत विचारण्यासारखं, कोणी विचारत नाही. आणि आगीनंतर जो येईल तो, पत्रकार, अधिकारी, मदत घेऊन आलेला परका, पहिला प्रश्न हाच विचारतो, किती गेली? ज्या घरातला माणूस गेला त्या घराच्या फाटकावरसुद्धा.

मदत कशी आली आणि कोणी काय ठरवलं

चारा पोहोचला तो इतका की वाचून थक्क व्हायला होतं. मिशिगन, ओहायो, आयोवा, नेब्रास्का, केंटकीकडून गवताच्या गाठी भरलेले ट्रक रांगेने अ‍ॅशलँडपर्यंत आले, ड्रायव्हर स्वतःच शेतकरी, डिझेल स्वतःच्या खिशातून. अनाथ वासरं शाळकरी मुलांनी, 4-एच नावाच्या त्यांच्या ग्रामीण युवक मंडळातल्या मुलांनी, बाटलीने दूध पाजून जगवली. तारा ओढायला बाहेरगावचे स्वयंसेवक आले, आणि तारेचं काम म्हणजे थट्टा नाही, मैलाला साधारण १०,००० डॉलर खर्च आणि जळालेले लाकडी खांब हजारोंनी.

इथला पहिला निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणेन. टेक्सासमध्ये राज्याच्या कृषी विस्तार सेवेने दान आलेल्या चाऱ्यासाठी ठरावीक केंद्रं उभी केली, त्यातलं एक ग्रे काउंटीचं मुख्य गाव पॅम्पा इथे. त्यामुळे ट्रकवाला थेट रँचच्या दारात रात्री दोनला हॉर्न वाजवत नव्हता. हे साधं वाटतं पण ज्याचा ट्रॅक्टरच जळालाय तो गाठी उतरवणार कशाने? शिवाय आग्नेयेकडच्या राज्यांतला चारा आणायचा तर लाल मुंग्यांच्या उपद्रवामुळे त्याला क्वारंटाइनचे नियम असतात, ते घरी बसलेल्या दुःखी माणसाने तपासायचे का? मध्ये कोणीतरी उभं असणं गरजेचं होतं आणि ते होतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. केंद्राची एक योजना आहे, आपत्तीत मेलेल्या जनावरासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. त्यासाठी वेळेत कळवायचं, फोटो, कानातले बिल्ले, मोजदाद, थोडक्यात पंचनामा. पोटातल्या वासराचे पैसे तेव्हा मिळत नव्हते, आणि मार्चमध्ये अर्ध्या गाई गाभण. तेव्हा एका माणसाला वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती, म्हणजे शंभराच्या आसपास गाई गेल्या की मर्यादा संपली. यावर बरीच ओरड झाली आणि २०१८ च्या कायद्याने ती मर्यादा काढली, २०१७ च्या नुकसानीलाही ते लागू केलं. हे यश मोठं आहे, लहान समाजांचं ऐकलं जातं याचा पुरावा म्हणून मी ते मुद्दाम नोंदवतो.

पण बघा, मेलेल्या गाईसाठी फॉर्म होता. पडलेल्या तारेसाठी वेगळी योजना. आणि कामावर असताना गेलेल्या माणसासाठी? टेक्सासमध्ये खासगी मालकाला कामगार नुकसानभरपाईचा विमा घेणं सक्तीचं नाही (हे या रँचबद्दल म्हणत नाहीये, राज्याचा नियमच तसा आहे). त्यामुळे एखाद्या रँचवर कामगार गेला तर त्याच्या घरच्यांचं पुढे काय हे मालकाच्या चांगुलपणावर आणि गावाच्या वर्गणीवर. तिथले लोक वर्गणी देतात हो, हातचं राखून देत नाहीत, पण वर्गणी पहिल्या महिन्यातली असते आणि विधवेचं किंवा आईवडिलांचं आयुष्य त्यानंतर सुरू होतं.

न बोललेलं

आता अवघड भाग. अंत्यविधीत, बातम्यांत, शेजाऱ्यांच्या बोलण्यात सूर एकच होता, त्यांना जे प्रिय होतं ते करताना गेले. यात खोटं काहीच नाही आणि आईवडिलांना तेवढाच आधार असतो. पण या सुराचा एक परिणाम होतो. आत जाणं हे प्रेमाचं माप ठरतं. मग पुढच्या आगीत जो आत जाणार नाही, तार कापून परत येईल, त्याने काय समजायचं? आपलं प्रेम कमी पडलं असंच ना? आणि चर्चा करायची म्हटली तर ती गेलेल्यांचा अपमान वाटते, म्हणून कोणी करत नाही.

इथे चर्चवाले, विस्तार सेवेचे लोक, गुरांचे डॉक्टर या तिघांकडे संधी होती असं मला वाटतं. त्यातही गुरांचा डॉक्टर. रँचवाला समुपदेशकाकडे जाणार नाही, पण जनावर बघायला डॉक्टर आला की पिकअपला टेकून तासभर बोलतो. कुठल्या गाईला गोळी घालायची आणि कुठलीला ठेवायची हे त्या दिवसांत डॉक्टरच ठरवत होते, मालकाच्या खांद्यावरचं ते ओझं त्यांनी घेतलं, आणि त्यांना मात्र माणसाचं दुःख कसं ऐकावं, कुठे पाठवावं याचं काही प्रशिक्षण नसतं. शेतकरी-रँचरांच्या मानसिक ताणासाठीच्या मदतीचं केंद्रीय जाळं २००८ च्या कायद्यात कागदावर होतं, त्याला पैसे मिळाले ते २०१८ नंतर. म्हणजे मार्च २०१७ ला त्या जाळ्याला पैसाच नव्हता.

पुढे काय झालं

गवत काही आठवड्यांत परत हिरवं झालं. प्रेअरीचं गवत आगीसाठीच बनलेलं आहे, मुळं खोल असतात. तारा उभ्या राहायला वर्ष-दोन वर्षं. कळप परत उभा करायला त्याहून जास्त, कारण बाजारातून आणलेल्या गाईला ते रान माहीत नसतं, पाणी कुठे, वाऱ्याला आडोसा कुठे हे जुन्या गाई नव्यांना शिकवतात आणि जुन्याच गेल्या होत्या.

मग २६ फेब्रुवारी २०२४ ला स्मोकहाउस क्रीक. त्याच पॅनहँडलमध्ये, १० लाख एकरांच्या वर, टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. त्यात दोन नागरिक गेले आणि हजारो गुरं गेली. चौकशीत आग विजेच्या खांबापासून लागली असं निघालं. विधिमंडळाच्या समितीने एप्रिलमध्ये सुनावण्या घेतल्या त्या पॅम्पामध्ये, म्हणजे ज्या गावात २०१७ ला चाऱ्याचं केंद्र होतं तिथेच. कुजलेले खांब, विमानं वेळेत न मिळणं, स्वयंसेवी दलांकडची जुनी साधनं, रेडिओवर एकमेकांशी संपर्क न होणं, हे सगळं तिथे मांडलं गेलं आणि ते मांडायलाच हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक, मालकाचा शब्द आधी, आणि शक्यतो लेखी. इशाऱ्याच्या दिवशी कामगाराने काय करायचं आणि काय करायचं नाही, ते पिकअपच्या काचेला चिकटवलेलं असलं तरी चालेल. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून घ्यायचं की आगीच्या दिवशी कोणीही कोणाचीही तार कापली तर हिशोब नाही. यात सरकार लागत नाही.

दोन, सगळी गुरं नाही हलवता आली तरी विणाऱ्या कालवडींचं कुरण हंगामाच्या आधीच नीट निवडायचं, गव्हाच्या शेताला लागून किंवा आधी चरून बसवलेलं, म्हणजे इशाऱ्याच्या दिवशी हलवायची वेळच येणार नाही. वाचताना सोपं, प्रत्यक्षात पाणी कुठे आहे त्यावर सगळं अडतं, हे मान्य.

तीन, ज्या घरातला माणूस गेलाय त्या घरासाठी एकच ठरलेला माणूस, जो फोन घेईल, पत्रकाराला फाटकावरच परतवेल, फॉर्म भरेल. चाऱ्यासाठी असं केंद्र झालं, माणसांसाठीही झालं असतं. आणि त्याचं काम पहिल्या महिन्यात संपवायचं नाही. पुढच्या मार्चमध्ये, गाई परत व्यायला लागतात तेव्हा, त्या घराकडे कोण जाणार हे आधीच ठरवून ठेवायचं, कारण त्या दिवसांत सगळे आपापल्या कुरणात रात्रभर जागे असतात आणि कोणाच्या लक्षात राहत नाही.

चार, २०२४ च्या सुनावणीसारखी बैठक होते तेव्हा खांब आणि विमानांबरोबर कामगाराच्या विम्याचा विषयही कोणीतरी काढायला हवा. तो रँचवाल्यांनीच काढला तर जास्त बरं, बाहेरच्याने काढला की लगेच "शहरी लोक आम्हाला शिकवायला आले" होतं.